बिग बर्था: आतून बदल, बाहेरून तीच (प्रकल्प नोंदी)

१ मार्च

एस्टेस या अमेरिकन कंपनीचं बिग बर्था किट घेतलं, म्हणजे घरी बांधून खरंच उडवायचं छोटं कागदी रॉकेट. मॉडेल रॉकेट्रीवाल्यांमधे हे नाव काढलं की लगेच गप्पा सुरू होतात, कारण साठच्या दशकातलं हे डिझाइन अजून दुकानात मिळतं आणि आकार जवळपास तोच आहे: ६१ सेंटिमीटर उंची, ४१.६ मिमी व्यासाची कागदी नळी, खाली चार मोठ्या गोलसर फिन्स (पंख), वर जाडजूड नोज कोन (टोकाची टोपी), रंग काळा. इंजिन मात्र साधं १८ मिमीचं, म्हणजे जे बोटभर रुंदीच्या छोट्या रॉकेटमधे बसतं तेच. आणि गंमत तिथेच आहे, छोटं रॉकेट त्या इंजिनवर डोळा लवायच्या आत गायब होतं, धूर दिसतो फक्त, पण बर्था जड आणि रुंद असल्यामुळे रॉडवरून (उडवताना आधार देणाऱ्या उभ्या सळईवरून) निघताना दिसते, वर जाताना दिसते, पॅराशूट उघडताना दिसते. सगळं उड्डाण डोळ्यांनी बघता येतं. म्हणून लोक आठव्या दहाव्या बर्था बांधतात.

माझं ठरलंय असं: आतून जे सुधारता येईल ते सगळं करायचं, बाहेरचा आकार आणि ते सावकाश उठणं याला हात लावायचा नाही. बाहेर फक्त एक बदल, नाव देवनागरीत. चिरंजीव सहावीत आहेत, त्यांची अट की पहिलं बटण ते दाबणार. मान्य.

२ मार्च

सगळे भाग टेबलावर मांडले. नळी, नोज कोन, इंजिन माउंटची नळी (इंजिन बसतं ती), तिला मोठ्या नळीच्या मधोमध धरणाऱ्या सेंटरिंग रिंग्ज, इंजिन हुक, बाल्साचे लेझर कट फिन्स, शॉक कॉर्डचं रबर (नोज कोन आणि नळी जोडून ठेवणारं), प्लॅस्टिकचं पॅराशूट, लाँच लग (रॉडवर सरकणारी छोटी नळी). फिन्स एकेक वजनकाट्यावर ठेवून बघितल्या, बाल्सा नैसर्गिक लाकूड आहे त्यामुळे एकाच शीटमधल्या दोन फिन्समधे पण फरक येतो. समोरासमोर येणाऱ्या फिन्स साधारण सारख्या वजनाच्या निवडल्या आणि पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहून ठेवलं. नोज कोन बसवून बघितला, जरा सैल आहे, शेवटी मास्किंग टेपचा एक वेढा देऊन होईल.

८ मार्च

आज फिन्स. बर्थाचा सगळा रुबाब फिन्समधे आहे आणि सगळी नाजूक बाजू पण तिथेच, कारण रॉकेट खाली येतं ते शेपटीवर, आणि आपटते ती फिन.

आधी चारही फिन्स एकत्र गठ्ठा करून कडा २२० च्या पॉलिश पेपरने एकसारख्या केल्या. मग प्रत्येकीची पुढची कड गोल, मागची कड निमुळती. नळीला चिकटणारी कड मात्र काटकोनातच ठेवायची, तिथे गोलाई आली की जोड कमकुवत. लाकडाच्या रेषा पुढच्या कडेला समांतर असतात हे पण तपासून घ्यावं, किटमधे ते बरोबर कापलेलं येतं पण स्वतः दुसऱ्या शीटमधून फिन कापणार असाल तर हे विसरलात की पहिल्याच लँडिंगला रेषेवरून तुकडा पडतो.

मग कागद. ही युक्ती बऱ्याच जणांना माहितीये पण कंटाळ्यामुळे कोणी करत नाही. साधा प्रिंटरचा कागद, फिनच्या पुढच्या कडेवरून दुमडून दोन्ही बाजूंना चिकटवायचा, लाकडाच्या गोंदाचा अगदी पातळ थर, क्रेडिट कार्डने पसरवून जास्तीचा काढून टाकायचा. दोन्ही बाजू एकाच वेळी. एकच बाजू आधी केली तर गोंद सुकताना ओढतो आणि फिन वाकडी होते, आणि ती परत सरळ होत नाही. मग बेकिंग पेपरमधे ठेवून वर जाड पुस्तकं, रात्रभर. कागद लावण्याचे दोन फायदे, एक तर फिन जवळपास दुप्पट कडक वाटते हाताला, आणि दुसरं म्हणजे बाल्साच्या रेषा भरायचं काम उरतच नाही, नाहीतर सीलर लाव, घास, परत लाव, परत घास हे तीन चार वेळा चालतं. वजन थोडं वाढतं. बर्थाला चालतं.

९ मार्च

फिन्स सपाट, छान. कडेचा जास्तीचा कागद पॉलिश पेपरने तिरका घासून काढला, कात्री लावली नाही.

१५ मार्च

इंजिन माउंट आणि शॉक कॉर्ड. आतला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच.

किटमधे रबरी पट्टी आणि कागदाची तीन घड्यांची चकती येते, ती नळीच्या तोंडाजवळ आतून चिकटवायची. पद्धत जुनी आहे आणि चालते पण. अडचण दोन. चकतीमुळे आतमधे उंचवटा होतो, पॅराशूट अडकायची शक्यता, आणि रबर दरवेळी इजेक्शनच्या (इंजिन पॅराशूट बाहेर फेकतं तेव्हाच्या) गरम वायूने भाजत जातं, काही वर्षांनी ठिसूळ होतं आणि मग एक दिवस नोज कोन आणि पॅराशूट एकीकडे, खालचं रॉकेट दुसरीकडे.

त्याऐवजी केव्हलारची, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या मजबूत धाग्याची दोरी. इंजिन माउंटच्या नळीला, पुढच्या सेंटरिंग रिंगच्या मागे, घट्ट गाठ मारायची, गाठीवर गोंद, रिंगला छोटी खाच पाडून त्यातून दोरी पुढे काढायची. म्हणजे ओढ येते ती थेट इंजिन माउंटवर, जो रॉकेटचा सगळ्यात मजबूत भाग. केव्हलारला आगीची फारशी भीती नाही. पण लांबी नीट मोजावी लागते: केव्हलारचं टोक नळीच्या तोंडाच्या आतच संपलं पाहिजे. बाहेर आलं तर ती दोरी पॅराशूट उघडताना नळीच्या काठावर जोरात घासते आणि नळी वरून खाली फाडत नेते, याला सगळे झिपर म्हणतात आणि एकदा झालं की नळी बदलण्याशिवाय इलाज नाही. तर केव्हलार तोंडाच्या दोन बोटं आत संपवला, तिथे फासा, पुढे शिवणकामाचं रुंद इलॅस्टिक मीटरभर, त्याच्या टोकाला नोज कोन. इलॅस्टिक झटका खातं, केव्हलार आग खातो. इलॅस्टिक फाशाला बांधलंय, चिकटवलं नाही, जुनं झालं की चिमट्याने ओढून बदलता येईल.

माउंट नळीत सरकवताना गोंद आधी नळीच्या आतल्या बाजूला लावला, काडीने, आणि माउंट एका दमात ढकलला. मधे थांबलं की कागद गोंदातलं पाणी शोषून फुगतो आणि माउंट अर्ध्यातच जाम होतो, त्यामुळे पेन्सिलीने खूण आधीच करून ठेवली होती.

१६ मार्च

समोरच्या घरातले आजोबा गॅरेज उघडं बघून आले. त्यांच्याकडे शाळेत असताना बांधलेली बर्था आहे, घेऊन आले दाखवायला. तिचा नोज कोन बाल्साचा! आताचा प्लॅस्टिकचा पोकळ असतो. बाल्साचा हातात घेतला तर रंगाखाली लाकडाच्या रेषा अजून जाणवतात, आणि एका फिनवर जुन्या तुटीची दुरुस्ती, फिलेट (फिन आणि नळीच्या कोपऱ्यातला गोंदाचा भराव) जरा जाड. त्यांनी सांगितलं की तेव्हा किट पोस्टाने मागवायचे, कॅटलॉग पाठ असायचा. मुलगा त्यांच्या रॉकेटकडे बघून म्हणाला, "आई, आपल्या फिन्स पण अशाच आहेत." अगदी तशाच आहेत. दोन्ही शेजारी उभ्या करून फोटो काढला, माझी अजून बिनरंगाची, त्यांची काळी.

त्यांनीच विचारलं की २४ मिमीचा माउंट का नाही टाकत. प्रश्न बरोबर आहे, बरेच जण तेच करतात, माउंट बदलला की डी १२ इंजिन बसतं. इंजिनच्या अक्षराचा हिशेब असा की प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण जोराची मर्यादा दुप्पट: बी म्हणजे २.५१ ते ५ न्यूटन-सेकंद, सी म्हणजे ५.०१ ते १०, डी म्हणजे १०.०१ ते २०. अक्षरानंतरचा आकडा सरासरी थ्रस्ट न्यूटनमधे, शेवटचा आकडा इंजिन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. म्हणजे डी १२ टाकलं तर बर्था उंच जाईल हे नक्की, पण झटकन जाईल. आणि झटकन जाणारी रॉकेट्स माझ्याकडे आहेत. शेपटीचं वजन वाढतं ते वेगळंच. मला १८ मिमीच हवंय. आजोबांनी मान डोलावली, त्यांच्या बर्थातही तेच आहे.

२३ मार्च

मुलाच्या सुट्टीत रॉयल गॉर्ज या कोलोरॅडोतल्या खोल दरीला निघालो, डेन्व्हरकडून कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि मग ११५ नंबरच्या रस्त्याने, तो जिथे ५० ला मिळतो तिथेच पेनरोझ. या किटचं गाव. फार काही दिसत नाही रस्त्यावरून, सपाट माळ, झुडपं, लांब डोंगर, पण मला थांबायचंच होतं.

गोष्ट इथपर्यंत कशी आली ती मुलाला गाडीत सांगितली. नेब्रास्कातल्या नॉरफोकमधे ऑर्विल कार्लाइल नावाचे चपलांचे दुकानदार, फटाक्यांचा नाद, त्यांनी १९५४ च्या सुमाराला बदलता येणारं तयार इंजिन आणि पॅराशूट असलेलं छोटं कागदी रॉकेट बनवलं. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणारे जी. हॅरी स्टाइन तेव्हा मासिकांमधे लिहीत होते की मुलं घरी धातूच्या नळ्यांमधे दारू ठासून जीव धोक्यात घालतायत. कार्लाइलनी त्यांना आपली रॉकेट्स पाठवली, आणि १९५७ मधे स्टाइननी मॉडेल मिसाइल्स ही कंपनी काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे स्पुटनिक गेला, मागणी एवढी वाढली की हाताने इंजिनं भरून पुरेनात. मग डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेसना विचारलं, त्यांच्या घरचा धंदा फटाक्यांचा. त्यांनी इंजिन भरणारं यंत्रच बनवलं, नाव ठेवलं मेबल, हवेच्या दाबावर चालणारं, साधारण साडेपाच सेकंदाला एक इंजिन. त्या यंत्राचं उत्पादन स्टाइनच्या कंपनीला झेपेना तेव्हा एस्टेसनी स्वतःच किट्स विकायला सुरुवात केली, आणि १९६१ मधे धंदा पेनरोझला हलवला, कारण दारूच्या कामाला मोकळी जागा लागते.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की इंजिन मुलांच्या हातून काढून कारखान्यात नेलं. बाकी सगळं, नळी, फिन, रंग, गोंद, हे मुलांच्या हातात ठेवलं. धोका तिकडे, कारागिरी इकडे. आज माझा मुलगा गॅरेजमधे निर्धास्त बसून फिन घासतो ते त्या वाटणीमुळे.

२९ मार्च

फिन्स चिकटवल्या. नळीवर खुणा किटमधल्या कागदी पट्टीने, आणि उभ्या रेषा ॲल्युमिनियमच्या अँगलने. अँगल नळीवर ठेवला की आपोआप नळीच्या अक्षाला समांतर बसतो, दाराच्या चौकटीनेही जमतं. फिनच्या जागेवरचा नळीचा चकचकीत थर पॉलिश पेपरने खरवडला.

गोंद दोनदा: फिनच्या कडेला आणि नळीवरच्या रेषेवर गोंद, क्षणभर दाबून काढून घ्यायची, दोन्ही सुकू द्यायचे, मग परत थोडा गोंद लावून बसवायची. दुसऱ्या वेळी अर्ध्या मिनिटात पकड येते आणि फिन सरकत नाही. फोम बोर्डमधे प्लस आकाराची खाच कापून त्यात चारही फिन्स उभ्या करून ठेवल्या. मागून बघितलं, चारही काटकोनात.

३० मार्च

फिलेट्स. घट्ट न ओघळणारा लाकडाचा गोंद, फिन आणि नळीच्या कोपऱ्यात बोटाने ओढायचा. एका वेळी वर येतील त्या दोनच कोपऱ्यांना, नळी आडवी ठेवून. म्हणजे सगळं व्हायला दिवस जातो. जाऊ दे. लाँच लग पण लावला, एका फिनच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याचाही वेगळा उंचवटा दिसत नाही.

५ एप्रिल

नळीवरच्या सर्पिल रेघा भरल्या. पाण्यात पातळ केलेलं वूड फिलर ब्रशने, सुकल्यावर ३२० चा पॉलिश पेपर. इथली हवा इतकी कोरडी की तासाभरात घासायला तयार. मग प्रायमर, आणि तो पण जवळजवळ सगळा घासून काढला ४०० ने, नळी करडी पांढरी चट्ट्यापट्ट्याची दिसायला लागली की समजायचं झालं. मुलाला वाटलं आपण सगळं काम वाया घालवतोय. बोट फिरवून बघ म्हटलं, रेघ लागते का. नाही लागत. बस.

१२ एप्रिल

काळा. ग्लॉस. थंडी पडली होती गेल्या आठवड्यात म्हणून थांबले, दहा अंशांच्या खाली स्प्रे पेंट नीट बसत नाही. तीन पातळ हात, दहा दहा मिनिटांच्या अंतराने, मग हात लावायचा नाही.

काळ्याबद्दल लोक म्हणतात की निळ्या आकाशात उठून दिसतो पण गवतात सापडत नाही, आणि ते खरंच आहे, म्हणून पॅराशूट भडक घेतलंय, नारिंगी नायलॉनचं, ४६ सेंटिमीटर, किटमधल्याच मापाचं. रंग काळाच. बर्था पिवळी, गुलाबी, ज्वाळा काढलेली, सगळ्या बघितल्यात आणि चांगल्या दिसतात, लोकांनी जरूर कराव्यात, पण मला हा आकार काळ्यातच सगळ्यात भारदस्त वाटतो.

२० एप्रिल

अक्षरं! या भागाची मी सुरुवातीपासून वाट बघत होते.

घरच्या प्रिंटरवर डेकल पेपर छापता येतो पण प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, आणि काळ्या रॉकेटवर हवा पांढराच. म्हणून पांढरं व्हायनिल, कटरवर कापून. "बिग बर्था" उभं, नळीच्या लांबीने. फाँट जाड आणि गोलसर निवडला म्हणजे फिन्सच्या गोलाईशी जुळेल. सॉफ्टवेअरमधे अक्षरं आधी एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करावी लागते, नाहीतर जिथे काना शिरोरेषेला मिळतो तिथे कटर आरपार कापतो.

आणि मग लावताना जे समजलं ते फार आवडलं. रोमन अक्षरं व्हायनिलमधे कापली की प्रत्येक अक्षर सुटं, एका ओळीत सरळ बसवायला ट्रान्सफर टेप लागतो आणि तरी एखादं तिरकं जातं. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एक तुकडा. वेलांटी, रफार, काना सगळं तिला धरून. शिरोरेषा नळीवरच्या पेन्सिलच्या रेघेवर टेकवली, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला होता त्यामुळे मिलिमीटरभर सरकवता आली, आणि मग कापडाने दाबत गेले. पूर्ण शब्द सरळ. वर मॅट नाही, चकचकीत क्लिअरचा एकच हात.

पुण्याला आईबाबांना व्हिडिओवर दाखवलं. बाबा म्हणाले, "अगं हे तर पाटी रंगवल्यासारखं झालंय, कोणी रंगवलं?" त्यांच्या दुकानाची पाटी रंगवून घेताना ते पेंटरच्या शेजारी दिवसभर उभे होते ते मला आठवतंय, त्यामुळे ही शाबासकी मोठी.

२६ एप्रिल

तोल. इंजिन, वॅडिंग (पॅराशूट भाजू नये म्हणून घालायचा न पेटणारा कागद), पॅराशूट, नोज कोनच्या कडीला अडकवलेला छोटा अल्टिमीटर (उंची मोजणारा), सगळं भरून दोऱ्यावर टांगलं आणि गुरुत्वमध्य काढला. दाबमध्य (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) ओपनरॉकेटमधून, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या मास्टर्सच्या प्रबंधातून निघालेलं. नियम असा की गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान एका व्यासाइतका हवा, इथे म्हणजे ४१.६ मिमी. आपला दीडच्या आसपास येतोय. कागद, केव्हलार, अल्टिमीटर धरून सुद्धा. रिकामं वजन ८४ ग्रॅम. अल्टिमीटरसाठी नोज कोनच्या खांद्याच्या जरा खाली नळीला बारीक भोक पाडलं, आत बाहेरचा दाब सारखा राहायला.

३ मे

उडवलं नाही. रेड फ्लॅग वॉर्निंग (वणव्याच्या धोक्याचा इशारा), वारा आणि कोरडं गवत. अशा दिवशी मैदानावर जायचंच नाही.

१० मे

उडाली.

सकाळी लवकर, वारा अगदी मंद, क्लबच्या मैदानावर. रॉड ३ मिमीचा, कंट्रोलरची किल्ली मुलाच्या गळ्यात, ती घातल्याशिवाय बटण चालत नाही आणि ती रॉकेट तयार करणाऱ्याच्याच जवळ ठेवायची. पॅडपासून निदान साडेचार मीटर लांब, आम्ही आठ दहा मीटरवर होतो. पहिलं इंजिन बी ६-४.

पाच, चार, तीन, दोन, एक. फुस्स, आणि ती निघाली. सावकाश म्हणजे किती, तर रॉडवरून सुटताना मला तिच्यावरचं नाव वाचता आलं. खरंच वाचता आलं. जळणं सेकंदाच्या आतच संपतं पण ती वर वर जात राहते, हळूहळू थकत, अगदी वर जाऊन कलायला लागली तेवढ्यात ठप्प असा आवाज आणि नारिंगी कापड. ६२ मीटर. मुलगा पळत सुटला.

दुसरं सी ६-५. या इंजिनचा जोर सुरुवातीला एकदम १४ न्यूटनपर्यंत चढतो आणि मग चार साडेचारवर येऊन बराच वेळ तसाच राहतो, ते बर्थावर स्पष्ट दिसतं: आधी उसळी, मग एक लांब शांत चढण, धुराची रेघ मागे. १४८ मीटर. आपण डेन्व्हरला समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहोत, हवा विरळ, त्यामुळे चढायला थोडी मदत, पण पॅराशूट पण त्याच कारणाने जरा जास्त वेगाने खाली येतं, साधारण दहा टक्के. कोरड्या कडक जमिनीवर फिन टेकली तेव्हा जरा धस्स झालं. काही नाही झालं. कागद लावलेल्या फिनला ओरखडा सुद्धा नाही.

आजोबा आले होते त्यांची घेऊन. त्यांनी जुन्या रबराच्या जागी माझ्याकडचं केव्हलार आणि इलॅस्टिक बांधून घेतलं होतं गेल्या आठवड्यात, बाकी एका जागी हात लावला नाही. बी ६-४ वर उडवली. दोन्हींचं उठणं सारखंच.

११ मे

स्वच्छता. इंजिन माउंट ओल्या कापडाने पुसला, काळी काजळी केव्हलारवर पण आहे, दोरी ठणठणीत. इलॅस्टिकच्या खालच्या दोन बोटांवर जरा करपल्याची खूण, वॅडिंग पुढच्या वेळी एक पान जास्त घालायचं. एका फिलेटमधे केसाएवढी रेघ दिसतेय, रंगातली की गोंदातली ते भिंगाने बघितलं, रंगातलीच आहे, तरी त्यावर पातळ गोंदाचा एक हात दिला.

पॅराशूट घडी न घालता सैल ठेवलंय, उडवायच्या दिवशी टाल्कम पावडर लावून घडी घालायची. वाऱ्याच्या दिवसांसाठी मधे भोक असलेलं दुसरं शिवणार आहे, नायलॉन उरलंय.

मुलाने स्वतःसाठी बेबी बर्था मागितलीये, हाच आकार आखूड नळीवर. नाव तो स्वतः लिहिणार म्हणे, हाताने, ब्रशने. ब्रश आणायला हवा, शून्य नंबरचा.